वच्छलाच्या डोंगरावर देवी नव्हती

वच्छला, तू जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि इथे तुला देवीची पहिली भक्तीण करायचं ठरून गेलं होतं. हस. पदर तोंडात कोंबून हसायचीस तशी हस, कारण मला हसू येत नाही आणि दोघींपैकी एकीने तरी हसायला हवं.

झालं असं, की मागच्या आठवड्यात एका दुपारी सिंधूबाई आपल्या स्ट्रीटवरच्या चारपाच बायका घेऊन माझ्या घरी आली. डोंगरावरच्या देवीला पक्का चबुतरा बांधायचा म्हणे. तिचा भाऊ जामुलला सिमेंटच्या कारखान्यात लागला आहे, त्याच्या ओळखीने सिमेंटचं काम होऊन जाईल. इथवर ठीक होतं. मग म्हणाली, "अन् समोर एक फरशी लावू, कमलबाई. त्याच्यावर लिवू, कैलासवासी वच्छलाबाईले देवीनं पहिलं दर्शन दिलं. तेवढंच तिचं नाव राहीन." बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तुझ्यावर तिचा जीव होता, हे मला ठाऊक आहे, म्हणून मला तिला पटकन काही उलट बोलता येईना.

कैलासवासी! तू! दीक्षा घेऊन आल्यावर घरातले टाक स्वतःच्या हाताने वैनगंगेत सोडून आलेली बाई तू. बाजारात भाजीवाली "राम राम" म्हणाली तर "जय भीम" म्हणून दोन आण्याची मेथी घेणारी.

आणि हे झालं तुझ्यावर माया करणाऱ्यांचं. किराण्याच्या दुकानापाशी मी वेगळंच ऐकलं. तिथे एक म्हातारी दुसरीला सांगत होती, की त्या बाईनं सगळ्यांना देवी दाखवली पण स्वतः कधी हात जोडले नाहीत, म्हणून देवीनं तिला नेलं. मी हातातली साखरेची पुडी तशीच ठेवून घरी आले. भांडले नाही. भांडायला लागले असते तर खरं सांगावं लागलं असतं, आणि खरं तर आपण दोघींनी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं. आता ते माझ्या एकटीकडे होतं, आणि एकटीला ते जड होत होतं ग.

सगळं सुरू झालं भिलाईचा प्लांट उभारायला आलेल्या रशियन लोकांमधल्या त्या बाईपासून. ऐतवारची संध्याकाळ होती. मी माझ्या क्वार्टरच्या पायरीवर, तू तारेच्या कुंपणापलीकडे तुझ्या. त्या लोकांची बस थांबली आणि ती उतरली. टमाट्यासारखं लाल तोंड, पाठीवर किरमिचाची पिशवी, हातात काठी, बुटांना तांबडी माती. थकून गेली होती, पण इतकी खूश होती की ओळख ना पाळख, आपल्याला पाहून हात हलवला. तू लगेच आमच्या ह्यांना विचारलंस, "भाऊजी, हे लोक कुठून येऊन राहिले?"

"राजहऱ्याकडचे डोंगर चढून."

"कोणता देव हाय तिथं?"

"देव नाही. नुसतेच चढते ते लोक. सुट्टी असली का जाते."

दाराआड आत्याबाई ऐकत होत्या. माझी सासू म्हातारी असेल, बहिरी नाही. त्या आतूनच म्हणाल्या, "देव नाही त्यायले, म्हणून भटकून राहिले बिचारे." मी हसले. तू हसली नाहीस. तू त्या 'नुसतेच'ला धरून बसलीस. पुढचा आठवडाभर कपडे वाळत घालताना, राख टाकायला जाताना, तुझं एकच. "कमल, नुसतंच जाता येते व. आपल्याले कोणी सांगितलंच नाही."

तुझे मालक प्लांटच्या इंजिनवर शंटिंगला. राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीतून आलेले लाल दगडाचे डबे ते भट्टीकडे लावून द्यायचे, आणि त्यांच्या शर्टातली लाल धूळ तू संध्याकाळी आपटून आपटून काढायचीस. एक दिवस तो शर्टच माझ्यापुढे धरलास. "हे पाय. डोंगर रोज आपल्या घरी येते. आपून एकडाव बी त्याच्या घरी नाही गेलो. शोभते का हे?" एखाद्या विहिणीकडची परतभेट राहून गेल्यासारखं तू ते बोललीस. मला पटलं. तुझ्या अशा गोष्टी मला नेहमी लगेच पटायच्या आणि मग निस्तरताना नाकी नऊ यायचे.

तुझ्या घरी काही प्रश्न नव्हता. तुझे मालक म्हणाले, जा. आमच्याकडे ह्यांचंही काही म्हणणं नव्हतं, पण आमच्या घरात ह्यांचं म्हणणं कोण विचारतो? आत्याबाईंचा कायदा साफ होता. "बाईमाणूस डोंगरावर दोन कामाले जाते. लाकडाले, नाहीतं देवाले. लाकडं आता लागत नाही. मंग कायले जाते?"

तू व्हरांड्याच्या कडेला उभी होतीस. त्या वेळी तू आमच्या व्हरांड्याच्या आत येत नव्हतीस, म्हणजे आम्ही बोलवत नव्हतो, ते तुलाही माहीत होतं आणि मलाही. तिथून तू म्हणालीस, "देवी हाय माय वर."

मी तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"कोणती देवी?" आत्याबाई.

"नाव नाही मालूम. आमी तं मानत नाही. पण हाय म्हन्ते लोक. लई जुनी."

तू गेल्यावर आत्याबाई बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत बसल्या. मग म्हणाल्या, "जाय. ताट घेऊन जाजो." मी विचारलं, तुमचा विश्वास बसला? तर माझ्यावरच डाफरल्या. "दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तं नसता बसला. ती तं देव सोडलेली बाई. तिले देवीशी काय घेनं-देनं? ती कायले खोटं बोलंल?"

हे तुला कुंपणापाशी येऊन सांगितलं तेव्हा तू खाली बसून हसलीस. हसता हसता मध्येच थांबलीस आणि म्हणालीस, "आमच्या लोकायले कळलं तं मले वाळीत टाकतीन व." तेव्हा मला ती चेष्टा वाटली. मी आणखी हसले.

पहिल्या खेपेला आपले दोघे नवरे सोबत होते, आणि दोघेही पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली घोरत पडले, ते आपण उतरेपर्यंत. त्या मोहाच्या पुढे शेतात ते उभे दगड. माणसापेक्षा उंच, कोणी रांगेत पुरून ठेवल्यासारखे. मोहफुलं वेचणाऱ्या बाईला तू विचारलंस, हे कोण्या देवाचे? ती म्हणाली, "देवता नोहय बहिनी, पुरखा मन के पखना आय." देव नाहीत, वाडवडिलांचे दगड आहेत. तू प्रत्येक दगडाभोवती फिरून आलीस. कुठे नाव कोरलंय का पाहात होतीस. नव्हतं. "कोण होते, काय होते, काही पत्ता नाही," तू म्हणालीस, "तरी हजार वर्सं झाली असतीन, कोणी हलवलं नाही." मला उन्हाची घाई झाली होती. मी म्हटलं चल.

वर चढताना तांबड्या मुरमावरून माझ्या चपला सारख्या घसरत होत्या. एका हातात ताट, ताटात नारळ, हळदकुंकू, उदबत्ती. तू रिकाम्या हातांनी पुढे. सालाच्या झाडांना नवी पालवी होती, त्या पालवीतून येणाऱ्या उजेडात तुझी साडी कधी हिरवी दिसायची, कधी पिवळी. मध्ये एक चाराचं, म्हणजे चारोळीचं, झाड लागलं, त्याची फळं तोंडात टाकून बिया तू पदराला बांधल्यास. आणि मग एकदम झाडं संपली आणि सपाट खडक आला. वारा इतका की माझ्या ताटातलं कुंकू उडून गेलं.

तू खडकाच्या मधोमध उभी राहिलीस. चारी बाजूंनी फिरलीस. "काहीच नाही!" तू म्हणालीस. "कमल, काहीच नाही व इथं!" इतक्या आनंदाने हे वाक्य बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. मला मात्र घरी काय सांगायचं याची भीती. तू खाली बसलीस, पाय सोडलेस, आणि लांब उत्तरेला बोट दाखवून म्हणालीस, तो पाय आपल्या प्लांटच्या चिमणीचा धूर. मी म्हटलं, ढग आहे. तू म्हणालीस, धूर. पुढे जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा हे भांडण झालं. तिथून भिलाई दिसत नाही, वच्छला. मी आजही सांगते, तो ढग होता.

नारळ आपणच फोडून खाल्ला. घरी आत्याबाईंनी विचारलं, दर्शन झालं का? मी म्हटलं, झालं. चांगलं झालं. ते खोटं नव्हतं.

मग आपल्याला चटकच लागली. नदीकाठी, शेतात, जिथे जाऊ तिथे गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे लावायचे, ही आपल्या भंडाऱ्याकडची रीत, ती डोंगरावर नेली नाही तर आपण कसल्या? पण गोवऱ्या कोण वाहणार गाडीतून? तुझं डोकं चाललं. शेगडीतला कोक नेऊ, हलका असतो, आच जबर, प्लांट त्याच्यावर चालतो तर आपले रोडगे काय चीज! मीही मान डोलावली. दोघी प्लांटवाल्यांच्या बायका, अक्कल तेवढीच. खडकाच्या आडोशाला कोक फुलवला आणि त्यात रोडगे पुरले. थोड्या वेळात बाहेरून कोळसा, आतून कच्ची कणीक, आणि वास असा की जणू गंधकात मळले होते. तू एक रोडगा उचलून खडकावर आपटलास. खडकाचा टवका निघाला. "भट्टी बरोबर होती," तू म्हणालीस, "फक्त माल चुकला." त्या दिवशी नुसत्या वांग्याच्या भाजीवर दिवस काढला आणि उतरताना हसून हसून माझ्या पोटात दुखत होतं. संसाराला लागल्यापासून मी तशी हसले नव्हते. तुझे आभार कधी मानले नाहीत, आता मानते.

एकदा तर येताना गाडीत बसायला जागा नव्हती आणि तू मालडब्यातून जाऊ म्हणून हट्ट धरला होतास. ते राहू दे. तुझे हट्ट लिहायला बसले तर वही पुरायची नाही.

खरी पंचाईत झाली ती आत्याबाईंनी "मी बी येतो" म्हटल्यावर. आमचे हे आजारातून उठले होते, आणि आत्याबाईंनी मनातल्या मनात देवीला नवस बोलून ठेवला होता. मी तुझ्याकडे धावत आले. तू म्हणालीस, आता खरं सांगून टाक. मी म्हटलं, मला घराबाहेर पाऊल टाकू देणार नाहीत. तू म्हणालीस, मंग नेऊ. म्हातारी अर्ध्या वाटेतून परत फिरंल. पण आत्याबाई अर्ध्या वाटेतून परत फिरणाऱ्यांतल्या नाहीत, हे तुला कुठे ठाऊक होतं? गुडघ्यावर हात ठेवत, प्रत्येक झाडाला टेकत, आपल्या दोघींच्या आधी वर पोचल्या.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मी तुझ्याकडे पाहिलं, तू दरीकडे पाहात होतीस. आता सगळं संपलं असं मी समजले. आणि तेवढ्यात आत्याबाई खडकाच्या कडेला गेल्या, साजाच्या झाडाच्या मुळांत एक तिरपा दगड होता, त्याच्यापुढे वाकल्या आणि तिथूनच आपल्यावर ओरडल्या. "डोळे हाय का बटाटे? हे काय इथं हाय ना!" पुडीतला शेंदूर काढून त्यांनी त्या दगडाला माखला, नारळ फोडला, आणि कितीतरी वेळ डोकं टेकून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा काही झाला होता, की मला खरं सांगायची छाती झाली नाही. तुलाही झाली नाही. तू फक्त हळूच म्हणालीस, "गेला व माहा डोंगर."

आत्याबाईंनी मग स्ट्रीटभर सांगितलं. दर वेळी सुरुवात तीच, "त्या देव सोडलेल्या बाईनं सांगितलं, म्हणजे पाय!" सिंधूबाई आली, तिची जाऊ आली, मग पलीकडच्या स्ट्रीटच्या आल्या. कोणी झाडाला घंटी बांधली, कोणी वाटेवरच्या दगडांना चुन्याचे पट्टे ओढले. खडकावर करवंट्या आणि उदबत्तीच्या काड्या. आणि तुझ्या लोकांत तुझी चेष्टा. जयंतीच्या कार्यक्रमात कोणीतरी तुला भर मंडपात विचारलं, "वच्छलाबाई, तुमच्या देवीची तब्येत बरी हाय ना?" सगळे हसले. तू त्या रात्री जेवली नाहीस, हे मला तुझ्या मालकांकडून कळलं. माझं नाव तू तिथे घेतलं नाहीस. माझ्यासाठी बोललीस एवढं सांगितलं असतंस तरी सुटली असतीस.

त्यावरून आपलं जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. तू म्हणालीस, सांगून टाक सगळ्यायले. मी म्हटलं, कशाला? ज्या बायका क्वार्टर आणि बाजार सोडून कुठे गेल्या नाहीत त्या वर्षातून दोनदा जंगल पाहतात, उघड्यावर बसून जेवतात, मोठ्याने हसतात. देवी नसली तर त्यांना कोण सोडेल?

"त्या डोंगर नाही पाहत, दगड पाहते."

"चढताना दगड पाहत असतील. उतरताना तर डोंगरच पाहतात."

"तुले कळत नाही," तू म्हणालीस, आणि मग ते सांगितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या गावालाही डोंगर होता. त्याच्यावर देव होता. यात्रेच्या दिवशी सगळं गाव वर जायचं आणि तुमची माणसं पायथ्याशी थांबायची. तू लहानपणी आईला विचारलंस, वरून काय दिसते? आई म्हणाली, मले काय मालूम. तिच्या आईलाही मालूम नव्हतं. "जिथं देव बसला, तिथं आमची वाट बंद झाली, कमल. मले असा डोंगर पाह्यजे होता का ज्याच्यावर कोणीच नसंल. भेटला होता. अन् माह्याच तोंडानं त्याच्यावर देवी बसवली मी."

एवढं ऐकूनही मला सिंधूबाईचं ते उतरतानाचं हसणं दिसत होतं. मी तुझ्या बाजूने पूर्ण कधीच होऊ शकले नाही. हे तुला कळलं होतं, तरी पुढच्या ऐतवारी तू कुंपणापाशी येऊन "जायचं का?" म्हणालीस. तू अशी होतीस.

दवाखान्यात तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी रोज यायचे आणि आपण दुनियेचं बोलायचो, ते भांडण तेवढं सोडून. एकदा तू म्हणालीस, बरी झाली का जाऊ. मी हो म्हटलं. मला म्हणायचं होतं, की देवी नसती तरी मी तुझ्या मागे आले असते. जिभेवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं, मी आले नसते, मला येऊ दिलं नसतं, आणि मीही निमूट राहिले असते. तुला त्या अवस्थेत खोटं सांगवेना, म्हणून तुझे पाय चेपत बसले.

तर असं आहे. सिंधूबाई गेल्यावर मी दोन दिवस घुम्यासारखी वावरले. मग तिला आणि त्या बायकांना पुन्हा बोलावलं आणि सांगून टाकलं. वर काही नव्हतं. मला घरातून बाहेर पडता यावं म्हणून वच्छलाने देवीचं नाव घेतलं. स्वतःचं मन मारून घेतलं. तिचं नाव त्या फरशीवर घालू नका, तिला ते सहन व्हायचं नाही.

कोणी रागावलं नाही. मग सिंधूबाई खाली पाहात म्हणाली, "मंग आता आमाले कोण जाऊ देईन, कमलबाई?"

तुझ्याकडे याचं उत्तर असतं का ग? मला नाही वाटत.

आणि आतल्या दारात आत्याबाई उभ्या होत्या. बायका उठून गेल्या तरी त्या तशाच. मला वाटलं आता भांडी फुटतील. त्या शेगडीपाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तिनं खोटं कावून बोललं? आमच्या पोरीसाठी एवढं?" मी मग तेही सांगितलं. तुझ्या गावचा डोंगर, पायथा, तुझी आई. सगळं.

आत्याबाईंचं माहेर तुझ्या गावापासून फार लांब नाही, तुला माहीत होतं का? मला नव्हतं. "त्या यात्रेले मी गेली हाय," त्या म्हणाल्या. "लहान होती. खाली ते लोक बसून राहे. वरून येताना परसादाचे तुकडे त्यायच्याकडं फेकायचे. आईनं माह्या हातात दिला, मी बी फेकला." त्यांनी हात पुढे करून पाहिला, उलटा केला, आणि पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः सिंधूबाईकडे गेल्या. पायांत चप्पल नाही, डोक्यावर पदर नीट नाही. मी मागून धावले. सिंधूबाईच्या दारात, त्या सगळ्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, "कमल काही बी सांगते. तिचं मन ठिकान्यावर नाही, जिवाची मैतरीण गेली तिची. वच्छलानं देवीचं नाव कधी काढलंच नाही. ती म्हणे, डोंगर हाय, पाहून या. देवी मले दिसली. मी शोधली, शेंदूर मी लावला. फरशीवर लिवायचं असंल तं माहं नाव लिवा. अन् कोणी म्हनंल का त्या पोरीले देवीनं नेलं, तं त्याची जीभ झडंल. देवीची आण घेऊन सांगून राहिली."

माझी सासू, वच्छला. जिने जन्मात उपास मोडला नाही. तिने देवीची खोटी आण घेतली.

सिंधूबाईने सगळं समजून मान हलवली. बायकांचं डोंगरावर जाणं राहिलं, आणि त्यातून तुझं नाव सुटलं. तुला हे पुरेसं वाटणार नाही. पुन्हा खोटंच, म्हणून तू कमरेवर हात ठेवून माझ्याशी भांडशील, आणि तुझं बरोबरही असेल. पण ते बोललं कोण, ते पाहा.

घरी येऊन त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. मी भीत भीत विचारलं, आत्याबाई, तुम्ही देवीची आण घेतली?

"देवीशी माहं मी पाहून घेईन," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न पाहता. "तू ऐतवारी जाय. ताट नको नेऊ. त्या दगडाकडं बी नको जाऊ. वर जाऊन डोंगर पाय. तिच्या वाटचा बी पाहून ये, अन् तिच्या मायच्या वाटचा."